गिरजाच्या डोक्यावरचं पाणी

टेंभरीची शाळा सुरू झाली तेव्हापासून तानाबाई तिथं होती. शाळा म्हणजे तरी काय, नाचणगावच्या पलीकडे दोन कोसांवरच्या त्या गावातलं कापसाचं एक रिकामं गोदाम. एकोणीसशे पंचावन्न साली मिशनच्या तीन सिस्टर आल्या, पत्र्याखालची जळमटं काढली आणि गावातल्या मुलींना बोलावलं. जमीन सारवायला बाई हवी होती. गावातली कोणी येईना, तेव्हा महारवाड्यातली तानाबाई गेली. तिनं एवढंच विचारलं, "माही पोरगी बसू द्यान का वर्गात?"

मोठ्या सिस्टर फिलोमिना मंगळूरकडच्या. त्यांचं मराठी तोडकंमोडकं. "बसणार," त्या म्हणाल्या. "सगळ्यांबरोबर बसणार."

तानाबाईची वच्छी सगळ्यांबरोबर बसली. आसपास मुलींना शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून गावानं ते कसंबसं गिळलं. पण पांढऱ्या झग्यातल्या बायकांवर गावाचा डोळा होताच. या बाया डोक्यावर पाणी घालून पोरी बाटवतात, असं पुलगावच्या बाजारातून कोणी ना कोणी ऐकून यायचं. तानाबाई कान देत नसे. एक गोष्ट मात्र ती जपून पाळायची. पोरींच्या पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. सिस्टरांनी दोनदा सांगूनही तिनं लावला नव्हता. तिचा नवरा कवडू गावचा कोतवाल, गावाच्या मर्जीवर त्यांची चूल पेटायची.

छप्पनच्या एप्रिलात ऊन भाजून काढत होतं. दोघी सिस्टर वर्ध्याला गेल्या होत्या. सुटीच्या घंटेआधी नत्थूजी पाटलाची एकुलती एक गिरजा अंगणात कोसळली. तानाबाईनं धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे वर गेलेले. सिस्टर फिलोमिना वाकून नाडी बघत होत्या. माठ हाताशी होता. तानाबाईचा हात एकदा आखडला. मग तिनं गडवा भरला आणि पोरीच्या डोक्यावर ओतला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला.

कुडापलीकडून नत्थूजीचा गडी जात होता. त्यानं वाकलेला पांढरा झगा आणि पोरीच्या डोक्यावरून वाहणारं पाणी पाहिलं, आणि तो गावाकडे पळत सुटला.

गिरजाला आत चटईवर निजवून होतं न होतं तोच फाटकाशी माणसं जमली. पुढं नत्थूजी, हातात काठी.

"माह्या पोरीले बाटवलं तुमी!"

सिस्टर दारात उभ्या राहिल्या. "तिला ऊन लागलं. म्हणून पाणी घातलं."

"कोनं घातलं?"

सिस्टरांनी दार अडवून धरलं. तानाबाई त्यांच्या मागेच होती. वर्षभरात या गावाचं एवढं त्यांना कळलं होतं, की आता तिचं नाव घेतलं तर काय होईल.

"मी घातलं," त्या म्हणाल्या.

गर्दी खवळली. कोणीतरी भिरकावलेला दगड पत्र्यावर दणकन आदळला. आतल्या पोरी किंचाळल्या. वच्छीही त्यांच्यातच होती. दुसरा दगड दाराच्या चौकटीला लागला. कोणी म्हणालं, लावा आग गोदामाले. तानाबाईनं गर्दीत कवडूला पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच विनवलं, बोलू नकोस.

ती सिस्टरांना बाजूला सारून पुढं आली.

"बाई खोटं बोलून राह्यल्या. पानी म्या टाकलं."

नत्थूजीचा आवाज एकदम खाली आला आणि तो जास्त भयंकर वाटला. "तू? तू माह्या पोरीले हात लावला?"

"मांडीवर घेतली. माठातलं पानी टाकलं डोक्यावर. जीव चालला होता तिचा, पाटील. बाईनं फक्त नाडी पाह्यली. तुमचा गडी होता कुडापाशी, त्याले विचारा."

गड्यानं मान खाली घातली. नत्थूजीची काठी वर गेली. तेवढ्यात कवडू मधे घुसला आणि काठी त्याच्या खांद्यावर बसली. तो खाली बसला, पण बाजूला झाला नाही. दुसरा घाव पडायच्या आत गिरजाची आई रुख्माबाई लोकांना ढकलत दारातून आत शिरली. बाहेर कोणी हललं नाही. थोड्या वेळानं ती गिरजाला खांद्यावर घेऊन बाहेर आली. पोरगी डोळे किलकिले करून बापाकडे बघत होती.

"जित्ती हाये," रुख्माबाई नवऱ्याला म्हणाली. "घरी चला."

शाळा वाचली. तानाबाईचं घर मात्र त्यात भरडलं गेलं. कवडूची कोतवालकी गेली, दुकानदारानं मीठमिरची देणं बंद केलं, वाटेतून जायची चोरी झाली. सिस्टरांनी गोदामामागची खोली रिकामी करून दिली. त्या खोलीत तिघांनी पावसाळा काढला. कवडूचा तो खांदा पुन्हा पूर्ण वर झाला नाही. त्यानं बायकोला बोल लावला नाही. मात्र महिनाभर तिच्याशी तो फारसा बोललाही नाही. दसऱ्याला सगळा महारवाडा नागपूरला निघाला तेव्हा मात्र तोच म्हणाला, "चाल, आपुनबी जाऊ." तिघं पांढऱ्या कपड्यांत गेले आणि बौद्ध होऊन परतले.

तानाबाईनं ते सिस्टरांना भीतभीतच सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "चांगलं झालं. वच्छी उद्या येणार ना?"

पुढच्या जूनमध्ये रुख्माबाई गिरजाला घेऊन फाटकाशी आली. नत्थूजी आला नव्हता. सिस्टर समोर उभ्या होत्या, पण रुख्माबाई अंगण सारवणाऱ्या तानाबाईशी बोलली, तिच्याकडे न पाहता.

"हिले उन्हात जाऊ देजो नोको."

"नाई जाऊ देत," तानाबाई म्हणाली, आणि शेणाचे हात तसेच बाजूला धरून तिनं पोरीला आत जायला वाट दिली.