आवडाकाकीच्या दोन गाड्या

आवडाकाकीकडे बैलगाडी ठरवायला गेलेल्या माणसाला ती आधी काय विचारत असे? कुठून आलात, जायचं कुठे, माणसं किती, सामान किती, हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न ठरलेला असे. "बोट नाय थांबली तर कुठं उतरशाल?"

नवखा माणूस यावर हमखास चिडायचा. पुढच्या खेपेला मुंबईहून निघायच्या आधीच हे काय अभद्र बोलणं! पण काकी उत्तर मिळेपर्यंत पुढचा शब्द काढत नसे. हातातली भलीमोठी पुरुषी छत्री वाळूत रोवायची, दोन्ही हात तिच्या मुठीवर ठेवायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. पावसाळा संपला तरी ती छत्री तिच्या हातातून सुटत नसे. ती डोक्यावर धरलेली मात्र मी कधी पाहिली नाही. ती होती माणसांना वाट दाखवायला आणि गाडीवानांना धाक दाखवायला.

तिच्या प्रश्नाला कारण होतं. आमच्या हेदवीला जवळचं बंदर बोऱ्याचं, पण ते नावालाच बंदर. धक्का नाही, की काही नाही. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव जाऊन उतारूंना किनाऱ्यावर आणायचे. दर्या जरा खवळला की कप्तान नुसता भोंगा वाजवून पुढे निघून जाई. मग दशभुज गणपतीच्या दर्शनाला निघालेली मुंबईकर मंडळी बोऱ्याची वाळू डोळ्यांनी बघत बघत जयगडला जाऊन पोचायची. तिथून होडीने खाडी ओलांडून तवसाळ गाठायचं आणि तवसाळला गाडी नसली की डोक्याला हात लावून बसायचं. काकीने नेमका यातून धंदा उभा केला. दर बोटीला तिची एक गाडी बोऱ्याला आणि एक तवसाळला. बोट कुठेही थांबो, उतारूला गाडी तयार. जी रिकामी परत येईल तिचं अर्धं भाडं द्यायचं, एवढाच करार.

"बोट कंपनीची, वाट माजी," असं ती छाती पुढे काढून सांगायची. नवरा पडावावरच्या खलाशांचा म्होरक्या, तांडेल होता, तो ऐन उमेदीत वारला. मुलगा विठू मुंबईला गोदीत कामाला लागला. बाई एकटी, पण एकटेपणाचं रडगाणं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. उलट बढाया ऐकाव्या तेवढ्या थोड्या. रत्नागिरीच्या कुणा बड्या साहेबाला आपण खांद्यावर घेऊन पडावातून उतरवलं, असं ती सांगायची. दरवेळी तो साहेब आधीपेक्षा जाड व्हायचा.

मी त्या वेळी हेदवीच्या शाळेत मास्तर होतो. मुंबईहून तिच्या नावाने कार्डं यायची, ती मी वाचून दाखवायचो आणि तिच्या सांगण्यावरून उत्तरं लिहायचो. उत्तराची पहिली ओळ मला सांगावी लागत नसे. एकदा एका वकीलसाहेबांनी उलट टपाली ठणकावलं की, बोट थांबणार असं कंपनीने सांगितलं आहे, दुसऱ्या गाडीची गरज नाही. "बरां," काकी म्हणाली, "एकच ठेवू." बोट अर्थातच थांबली नाही. वकीलसाहेब तवसाळपासून बायकोमुलांसकट पायपीट करत, धुळीने माखून दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांशी पोचले, तर काकी तिथे हजर. "काय वकीलसायेब, दर्शन झाला? जयगड कसा हाय?" त्या गृहस्थांनी तिथेच हात जोडले आणि परतीसाठीही दोन गाड्या सांगून टाकल्या.

गाडीवानांना मात्र रिकामं परतायचा कंटाळा यायचा. धोंडू तिचा सगळ्यात जुना गाडीवान. तो एकदा तवसाळहून मोकळी गाडी घेऊन आला तो कपाळाला आठ्या घालूनच. काकीने छत्री उगारली. "रिकामी आलंस म्हंजे मानूस दुसरीकडं उतारला. सुखरूप उतारला. मंग त्वांड कशाला वाकडा करतंस?" धोंडू बैल सोडायला लागला. मला तेव्हा ते गाडीवानाची समजूत घालण्यापुरतं बोलणं वाटलं होतं.

त्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळले. हा हिवाळा निघणं कठीण, असं वैद्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. अण्णांची एकच इच्छा राहिली होती. गिरगावात राहणाऱ्या माझ्या आत्याने, त्यांच्या थोरल्या बहिणीने, भाऊबीजेला येऊन ओवाळावं. आत्या त्याआधी दोनदा निघाली होती आणि दोन्ही वेळा बोट बोऱ्याला न थांबता तिला घेऊन गेली होती. दुसऱ्या खेपेला तर ती रागाने जयगडलाही उतरली नाही, तशीच रत्नागिरीला जाऊन मुंबईला परतली. आता ती सत्तरीला आली होती. मी काकीकडे गेलो. तिने प्रश्न विचारला नाही. "मास्तरांनु, बोट थांबू दे नायतर तिकडं गोव्यात जाऊ दे. आत्याबाय सांजच्या दिव्याला तुमच्या घरात," एवढंच म्हणाली.

आदल्या दिवशी वारा सुटला होता, पण भाऊबीजेच्या सकाळी दर्या एखाद्या तळ्यासारखा निवांत. बोट दिसली, भोंगा झाला, बोट थांबली! मी वाळूत अक्षरशः उड्या मारल्या. काकी स्वतः पडावात बसून गेली. पडाव परत आला तेव्हा त्यात नारळाची पोती होती, तीनचार चाकरमानी होते आणि आत्या नव्हती.

काकी खाली उतरली. छत्री काखेत, मान खाली. असं मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. बोटीवरच्या खलाशाने तिला सांगितलं होतं ते असं: पहाटे आत्याने त्याला विचारलं, बोऱ्याला नक्की थांबणार ना? तो म्हणाला, नक्की कसं सांगू आजी? एवढं ऐकताच आत्याने गाठोडं उचललं आणि आधीचं बंदर जे दाभोळ, तिथेच उतरून गेली. तिसऱ्यांदा फसायचं नाही म्हणून.

आता हसू येतं, पण तेव्हा मी वाळूतच बसलो. अण्णा घरी सकाळपासून उपाशी होते. ओवाळल्याशिवाय पाण्याखेरीज काही घेणार नाही, असा त्यांचा हट्ट. दोन गाड्या दोन बंदरांवर उभ्या, बोट थांबलेली, आणि म्हातारी तिसरीकडेच.

काकीने छत्री उत्तरेकडे रोखली. "आत्याबाय बोटीला भ्यायली. आता बोट इसरा. खाडी उतारली की गुहागरावरनंच येनार ती. दुसरी वाट हायेच कुठं? धोंड्या, बैल जुप!"

आम्ही तिघे निघालो. पालशेत मागे पडलं. प्रत्येक वळणावर मी मान लांब करून बघत होतो आणि काकी मला दटावत होती, "गप बसा वो. वाट माजी हाय ना?" पण तीही छत्रीची मूठ घट्ट आवळून बसली होती, हे मला दिसत होतं. दुपार कलायला लागली तेव्हा असगोलीच्या चढावर समोरून केळ्यांच्या घडांनी भरलेली एक गाडी येताना दिसली. घडांच्या मधोमध डोक्यावर पदर घेऊन आत्या बसलेली!

"का गो आत्याबाय," काकी तिथूनच ओरडली, "बोट थांबली की बोऱ्याला!"

"थांबली?" आत्याने तोंडावर हात ठेवला. "मेली ती बोट! मी नसले की थांबते होय गं?"

दिवेलागणीला गाडी दारात लागली. बायकोने ताट तयारच ठेवलं होतं. अण्णांना तक्क्याला टेकवून बसवलं. दिवसभराच्या प्रवासाने आत्याला ताट पेलेना, म्हणून काकीने खालून ताटाला हात दिला. निरांजनाच्या उजेडात अण्णा एवढंच म्हणाले, "अक्के, फार उशीर केलास गं." आणि दोघंही लहान मुलांसारखी रडली. मीही रडलो. अण्णा माघात गेले, पण त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले होते. काकीचं ते ऋण माझ्याकडून कधी फिटणार नव्हतं.

त्यानंतर काकीच्या पहिल्या प्रश्नाला शेपूट फुटलं. "बोट नाय थांबली तर कुठं उतरशाल? आनी थांबली तर तिच्यात असशाल ना?" चूक झाली असं तिने कधी कबूल केलं नाही. मुंबईचं माणूस एवढं भित्रं असेल हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं तिचं म्हणणं.

पुढे काही वर्षांनी काकीलाच तापाने धरलं. वैद्य घुटमळत बोलायला लागले, तेव्हा मी विठूला तार केली. तो पुढच्या बोटीने निघाल्याची उलट तार आली, आणि नेमका त्या दिवशी दर्या बिघडला. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण धोंडू आदल्या दिवशीच गावातली आणखी एक गाडी मागून घेऊन दाभोळच्या खाडीकडे निघून गेला. दुसरी गाडी बोऱ्याला गेली. तवसाळच्या गाडीत मी स्वतः बसलो. निघण्यापूर्वी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "काकी, विठू येतोय. तिन्हीकडे गाड्या आहेत."

"मंग येतो तो," ती म्हणाली आणि तिने निश्चिंत डोळे मिटले.

तवसाळला मी जयगडच्या होडीकडे डोळे लावून उभा राहिलो. होडी लागली. त्यात विठू नव्हता. एवढ्यात उतारूंपैकी एकजण म्हणाला, "आवडाकाकीचा विठू ना? तो बोऱ्याला उतरला. लाटा होत्या, तरी बोट जराशी थांबली आणि गड्याने पडावात उडी टाकली."

परतताना गाडीवान कुरकुरत होता. नवा पोरगा, त्याला ही पद्धत माहीत नव्हती. "फुकट फेरा पडला, मास्तर." मी मोकळ्या गाडीत पेंढ्यावर पाय पसरून बसलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. रिकाम्या गाडीत माणूस इतक्या आनंदाने बसू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घरात शिरलो तेव्हा विठू तिच्या उशाशी होता, अजून ओल्याच कपड्यांत. तिचा हात त्याच्या हातात होता. माझी चाहूल लागली तसे तिने डोळे उघडले.

"रिकामी आली?"

"रिकामीच आली, काकी."

"ब्येस," ती म्हणाली. ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.