भिंतीअलीकडची शाळा

आमच्या गोडाऊनमध्ये आलेला माल दोन दिवसांत बाहेर पडतो. किस्से मात्र नुसते येतात. त्यांची आउटवर्ड एंट्री कधी होतच नाही, म्हणून ते साचत जातात. यंदा मार्चपासून जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर एकच विषय होता, शाळा. मी, फोर्कलिफ्टवाला प्रदीप, ट्रान्सपोर्ट बघणारे सलीमचाचा आणि पॅकिंगवाली गुलाब. चौघांच्याही घरातली पोरं एकदमच सातवीत, आणि आमच्या गावांतल्या शाळा सातवीला संपतात. त्यामुळे वळ गावातल्या त्या गोडाऊनच्या पत्र्याखाली डबे खात खात आम्ही भिवंडीतल्या झाडून साऱ्या शाळा पास-नापास करत होतो.

*

पहिला किस्सा माझाच. मी इनवर्डला क्लार्क आहे. खोका उघडायचा, लिस्टशी ताडून पाहायचा, मगच सही करायची, ही सवय हाडीमाशी खिळलेली. शाळेसाठीही मी लिस्ट केली. पंखे, नळ, मुलींचं स्वच्छतागृह, प्रयोगशाळा, फळ्यावर तारीख आजची की कालची. ती क्लिपबोर्डला लावून गोडाऊनमागच्या हायस्कूलमध्ये गेले. आमच्यात आणि त्या शाळेत एक भिंत आहे फक्त.

शिपायानं क्लिपबोर्ड पाहिला आणि धावत जाऊन खुर्ची आणली. पंखा लावला. चहा आला, बिस्किटं आली.

"मॅडम, इन्स्पेक्शन उद्या होतं ना?" त्यानं हळूच विचारलं.

"मी पालक आहे," मी म्हटलं. "मुलीच्या आठवीच्या ऍडमिशनची चौकशी करायची होती."

त्यानं चहा राहू दिला. बिस्किटांची बशी मात्र उचलून नेली.

वर्ग त्यानंच दाखवला. वर्ग रिकामा होता. फळ्यावर अर्धवट पुसलेली आकृती आणि सगळीकडे खडूचा वास. नीट बघावं म्हणून मी शेवटच्या बाकावर बसले, आणि मग उठावंसंच वाटेना. बारावीच्या निकालाच्या आधीच माझं लग्न ठरलं होतं. खरं सांगते, त्या घटकेला मला मुलीची ऍडमिशन नको होती, माझी हवी होती. लिस्ट कोरीच परत आणली.

*

सलीमचाचांना हे समजल्यावर ते माझ्यावर हसले. चाचा इथले जुने, एकेकाळी स्वतःचे कापडाचे लूम चालवलेले. आता नातीसाठी शाळा शोधत होते.

"बेटी, कपडा सीध्या बाजूनं सगळाच चांगला दिसतो. उलटा करके देखो. फॉल्ट मागच्या बाजूला असतो."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेची मागची बाजू बघायला गेलो. चाचांनी तिथल्या नळाचं पाणी पिऊन बघितलं. पायरीवर एक सर बसले होते, समोर एक मुलगी. सर डब्यातली पोळी तोडून तिला अपूर्णांक समजावत होते. अर्धी झाली, पाव झाली. गणित सुटेपर्यंत पोळी संपली. चाचा म्हणाले, "माल अच्छा है."

परत निघताना ते भिंतीपाशी एके ठिकाणी थांबले. तिथली एक वीट जराशी पुढे आलेली होती. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला.

"इथूनच उडी मारून शाळेतून गेलो होतो, आठवीत. लूमवर माणूस कमी पडला होता. अब्बा म्हणाले, एका शिफ्टसाठी ये."

"मग?"

"मग काय. वो शिफ्ट अभी तक चालू है."

*

प्रदीपचं म्हणणं, शाळा हवी तर इंग्लिश मीडियमच. फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या तो पोराच्या मुलाखतीची तयारी करायचा. माल उचलताना 'हाऊ आर यू', उतरवताना 'आय ऍम फाईन'. आमच्या सगळ्यांचं इंग्लिश त्या महिन्यात सुधारलं.

शहरातल्या एका शाळेनं पोराची लेखी परीक्षा घेतली. विषय, 'माय फादर'. पोरानं चारच ओळी लिहिल्या. माय फादर इज ऑन ड्युटी. माय फादर इज ऑन डबल ड्युटी. माय फादर इज स्लीपिंग. प्लीज डू नॉट मेक नॉइज.

मॅडमनी तो पेपर प्रदीपसमोर ठेवला. तो आम्हाला हे सांगत होता तेव्हा डबा उघडाच होता आणि आम्ही कुणीच जेवत नव्हतो. शेवटी मीच विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? स्पेलिंग सगळी बरोबर होती."

*

गुलाब या चर्चेत कधी बोलायची नाही. ती दिघाशी गावाकडची. आमचं गोडाऊन उभं राहण्याआधी इथे वीटभट्टी होती. तिचे आईबाप त्या भट्टीवर होते आणि तीही लहानपणापासून डोक्यावर विटा वाहायची. भट्टी गेली, गोडाऊन आलं, गुलाब तिथेच राहिली. आधी विटा, आता खोके. भिंत तीच.

फ्लोअरवर मोबाईल नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवावे लागतात. त्यामुळे आमचं घड्याळ म्हणजे गुलाब. शाळेची घंटा झाली की ती हातातली चिकटपट्टी न थांबवता सांगायची, "चवथा तास सुटला. आता जेवान." एकदा म्हणाली, "आज इतिहासाची बाई न्हाय आली." मी मुद्दाम शिपायाला विचारलं. बाई खरंच रजेवर होत्या.

काम करताना ती गुणगुणत असायची. संथ, लांबवलेली चाल. मला वाटायचं त्यांच्याकडची एखादी ओवी असेल. तीन वर्षं लांबून ऐकल्यावर एकदा मी जवळ उभी राहून नीट ऐकलं, तर ती म्हणत होती, "ए वर्ग अधिक दोन एबी अधिक बी वर्ग."

मी हे टेबलावर सांगितलं आणि सगळे हसले. मीसुद्धा हसले, त्याची आज लाज वाटते. गुलाब रागावली नाही. म्हणाली, "तिसऱ्या तासाला म्हनतात पोरा. चाल ब्येस हाय."

लिस्ट घेऊन मी फिरले, चाचांनी शाळा उलटी करून बघितली, आणि कुठले सर वेळेवर येतात, कुठल्या बाई मुलांवर ओरडत नाहीत, हे हिला बसल्या जागी ठाऊक होतं. मी म्हटलं, "अगं, मग आधी नाही का सांगायचंस?"

"तू इचारलास कवा, ताय?"

*

माझ्या मुलीला तिथे प्रवेश मिळाला, चाचांच्या नातीलाही मिळाला. गुलाबच्या मंदाचा मात्र अडला. जातीचा दाखला हातात यायला जून उजाडला आणि तोवर आठवीच्या जागा भरल्या होत्या. गुलाबचा नवरा म्हणत होता, बास झाली शाळा, उद्यापासून घे तुझ्याबरोबर पॅकिंगला. गुलाबनं मला एवढंच म्हटलं, "ताय, फारम भराया चल." मी गेले.

तिनं चपला मुख्याध्यापिकांच्या दाराबाहेर काढल्या. मंदा आईच्या मागे उभी राहिली. इतकी वर्षं त्या शाळेचा तास न् तास मोजणारी गुलाब त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीच्या त्या बाजूला आली होती.

मुख्याध्यापिकांनी कागद चाळले. "जागा नाही हो. फार तर एखादी वाढवून घेता येईल, पण त्यासाठी मला वर बोलावं लागेल." मग चष्म्यावरून मंदाकडे बघून म्हणाल्या, "काय येतं तुला? सातवीतलं काहीही म्हण. कविता म्हण, सूत्र म्हण."

मंदा फरशीकडे बघत राहिली. मी मनात कविता आठवून तिच्याकडे ढकलत होते. तेवढ्यात बाहेर घंटा झाली आणि गुलाब सवयीनं पुटपुटली, "तिसरा तास."

मंदानं मान वर केली. आईच्याच संथ, लांबवलेल्या चालीत म्हणाली, "ए वर्ग अधिक दोन एबी अधिक बी वर्ग."

"हे असं चालीत कुणी शिकवलं?"

"आयनं. मी बारकी व्हती तवा मना निजवताना म्हनायची."

बाईंनी गुलाबकडे पाहिलं. "तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?"

"न्हाय शिकली, बाय. भिंतीमागं आमची भट्टी व्हती."

बाईंनी फॉर्म पुढे ओढला, इयत्तेच्या रकान्यात आठवी लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, "वरचं मी बघते. सोमवारपासून पाठवा."

माझा जीव भांड्यात पडला. मी पिशवी उचलून उठले, मंदाही निघाली. गुलाब मात्र टेबलाची कड धरून तिथेच उभी होती.

"बाय, येक इचारू? लय वर्सं झाली. इचाराया कोन गावलाच न्हाय."

"विचारा ना."

"त्या गान्यातली ती बी कसली? भाताची, का नाचनीची?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. शिपायाला हाक मारून म्हणाल्या, "बाहेरच्या पालकांना जरा बसायला सांगा." आणि खडू घेऊन फळ्याकडे गेल्या.