शिक्केमास्तरांचा नकाशा

शिक्केमास्तर गुणपत्रिका मोठ्याने वाचायचे. मनातल्या मनात नाहीच! आमच्या सिल्वासाच्या शाळेतून एस.एस.सी. झालेलं पोर कॉलेजच्या अर्जासाठी गुणपत्रिका घेऊन आलं, की ते त्याला टेबलासमोर उभं करत आणि एकेक आकडा खणखणीत उच्चारत. "गणित, एक्याऐंशी. बरोबर?" पोराने "बरोबर" म्हणायचं, मग तो आकडा नकलेच्या कागदावर उतरायचा. झेरॉक्स नावाची चीज तेव्हा कुणी पाहिली नव्हती, सगळं हाताने. सात विषय आणि चार अर्ज, म्हणजे अठ्ठावीस वेळा "बरोबर". शेजारच्या वर्गालाही कुणाला भूगोलात किती ते ऐकू जायचं, आणि ज्याला पस्तीस असत त्याची बिचाऱ्याची अब्रू मधल्या सुट्टीपर्यंत गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आमलीत पोचलेली असायची.

खरं तर ते मास्तर नव्हते, शाळेचे कारकून होते. देवगडकडचे. एकसष्ट साली आमची नगर हवेली भारतात सामील झाली आणि मुंबई-कोकणातून जी नोकरदार मंडळी इथे आली, त्यांत ते आले आणि माझे बाबाही आले. नकला घेऊन मास्तर मामलेदारांकडे स्वतः जायचे, सही होईपर्यंत बाहेर बाकावर बसायचे, आणि शिक्का उमटला की ओल्या शाईवर फुंकर घालत परत यायचे. म्हणून शिक्केमास्तर. कुणी म्हणालं, "अहो, एवढं कशाला वाचता, उतरवून टाका," तर म्हणायचे, "कागदावर आहे तेवढंच लिहिणार. कमी नाय, जास्त नाय."

दुसरा हट्ट पत्त्याचा. आमचं टपाल गुजरातेतल्या वापीहून बसने यायचं, त्यामुळे सगळं गाव पत्त्यात 'मार्गे वापी' लिहायचं. मास्तर लिहीत नसत. अर्जावर ते टपोऱ्या अक्षरात 'सिल्वासा, दादरा आणि नगर हवेली' एवढंच लिहायचे आणि खाली ठसठशीत रेघ मारायचे. "आपला गाव आता देशात आहे. वापीचं बोट धरून किती दिवस चालायचं?" शाळेचा शिपाई गुजराती होता, तो हसायचा, "मास्तर, टपाल तो वापीथीज आवे छे ने!" मास्तर त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

मला सातशेपैकी चारशे एकोणनव्वद मिळाले, आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. हसू नका. माझ्या आईला दुसऱ्या बाळंतपणाला बैलगाडीतून दवाखान्यात नेताना आमच्यापैकी कुणालाच काही कळत नव्हतं, आणि ते मूल राहिलं नाही. तेव्हापासून माझं ठरलेलं होतं. त्यासाठी आधी मुंबईच्या सायन्स कॉलेजात जागा मिळायला हवी होती. बाबा म्हणाले, "मास्तर, पत्ता गिरगावातल्या माझ्या बहिणीचा घाला. लवकर कळेल." मास्तरांनी टाक खाली ठेवला. "मुलगी राहते इथे. गिरगावचा पत्ता घालून मी खोटं कसं लिहू?" बाबांनी अर्ज तसाच सही करून दिला. मला तर मास्तरांचं बोलणं तेव्हा फार थोर वाटलं होतं, काय सांगू!

पंधरा दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं. पत्त्यावरून अर्जदार परदेशी मुलखातली दिसते, तरी तिचे गुण इथल्या परीक्षेच्या बरोबरीचे असल्याचा दाखला सादर करावा. मी परीक्षा दिली होती डहाणूच्या केंद्रावर, तिथल्याच मुलींच्या बाकाला बाक लावून, तीच प्रश्नपत्रिका सोडवून! मास्तरांनी पत्र तीनदा वाचलं, तेही मोठ्याने. मग म्हणाले, "उद्या जाऊया. समजावून सांगितलं की झालं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मुंबईला निघालो. मास्तरांच्या काखेत गुंडाळलेला एक लांबलचक नकाशा होता, शाळेच्या भिंतीवरचा. गाडीत लोकांना त्याची टोकं लागत होती आणि मास्तर प्रत्येकाची माफी मागत होते. कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पाहिला. "हे पोर्तुगीजांचं ना?"

"होतं. आता आपलंच आहे," मास्तर म्हणाले, आणि तिथेच, त्या रांगेत, त्यांनी नकाशा उघडला. एक टोक बाबांनी धरलं, एक मी. मास्तरांनी बोट ठेवलं. "हे बघा सिल्वासा. रंग बघा. सगळ्या देशाला जो पिवळा, तोच."

कारकुनाने चष्मा वर केला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून निरखून बघितलं. पिवळ्याखालून हिरवा दिसत होता. नकाशा जुना होता, पोर्तुगीजांच्या वेळचा, त्यात आमचा मुलूख वेगळ्या रंगात छापलेला.

"हा पिवळा रंग कुणी भरलाय?"

आता इथे दुसरा कुणीही असता तर "छापील आहे" म्हणाला असता. मी मनात म्हणतही होते, मास्तर, आजच्या दिवस तेवढं म्हणा हो! पण मास्तरांची मान खाली गेली. "मीच. शाळेत रुजू झालो त्या दिवशी. रंगीत पेन्सिलीने."

मागच्या रांगेत हशा पिकला. कारकून वाईट माणूस नव्हता, पण तोही हसला. "अहो, रंग भरून प्रवेश मिळत नसतो. दाखला आणा." मास्तरांनी गुणपत्रिका पुढे केली, नकला पुढे केल्या, "गणित, एक्याऐंशी," असं म्हणायलाही लागले. पण समोरून "बरोबर" म्हणणारं कुणी नव्हतं. खिडकी पुढच्या मुलाशी बोलू लागली होती.

दाखला कुणी द्यायचा तेच कुणाला माहीत नव्हतं. मामलेदार म्हणाले, आमच्या अखत्यारीत नाही. मास्तरांनी पुण्याला लिहिलं, मुंबईला लिहिलं, दिल्लीलासुद्धा लिहिलं, आणि रोज बस यायच्या वेळी पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी. दुसरं करणार तरी काय होतो आम्ही? दाखला शेवटी आला. तो घेऊन पोचलो तेव्हा यादी फळ्यावर लागून जागा भरल्या होत्या. यादीतल्या शेवटच्या मुलाला चारशे बासष्ट होते. मास्तरांनी तो आकडा वाचला. त्या एकाच वेळी त्यांनी मनातल्या मनात वाचला.

परतताना ते गाडीत एकच वाक्य बोलले. "बाय, तुझ्या आत्याचा पत्ता घालायला हवा होता गो." मी खिडकीकडे तोंड केलं. मला त्यांचा इतका राग आला होता, की त्यांच्या काखेतला तो नकाशा ओढून बाहेर फेकून द्यावा असं वाटत होतं. पुढे मी मास्तरकीचं शिक्षण घेतलं आणि आमच्याच शाळेत लागले.

माझी जागा हुकली त्याच्या पुढच्याच वर्षी, निकालाच्या आठवड्यात, मास्तर आमच्या दारात उभे. हातात पाच मुलांचे अर्ज. "आत्याचा पत्ता सांग." मी सांगितला. उंबऱ्यावर बसून पाचही अर्जांवर त्यांनी तो लिहिला, बारीक, चोरट्या अक्षरात, आणि खाली रेघ मारली नाही. पाचांपैकी चौघांना जागा मिळाली. त्यातला खेरडी गावचा एक पुढे डॉक्टर झाला, अजून माझं ब्लडप्रेशर तोच बघतो. त्याच्यासमोर हात पुढे करून बसले की मला आनंदही होतो आणि त्याच्या खुर्चीत मी असते असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

मास्तर निवृत्त होऊन देवगडला गेले. जाताना नकाशा शाळेतच ठेवला. मी तो उलगडून पाहिला, तर पिवळा रंग खोडरबराने पुसलेला होता. नीट पुसला गेला नव्हता, आमच्या मुलखाच्या जागी नुसता मळकट डाग राहिला होता.

वर्षभराने त्यांचं पोस्टकार्ड आलं. तब्येत बरी नाही, तू कशी आहेस, एवढंच. पत्ता मात्र मी कितीतरी वेळ बघत राहिले. 'सिल्वासा, दादरा आणि नगर हवेली', आणि त्याखाली बारीक अक्षरात 'मार्गे वापी'.

माझा राग तिथल्या तिथे गळून पडला. रडू आवरेना. त्याच दुपारी मी उत्तर लिहिलं, आणि पाठवणाऱ्याच्या जागी टपोऱ्या अक्षरात माझा पत्ता घातला. वापी लिहिली नाही. खाली रेघ मारली.