गोल बुडाची बादली

नागपूरहून तार आली तेव्हा मी भांडी घासत होते. माझे धाकटे दीर, नारायणभाऊजी, बहिणीकडे गेले होते, तिथंच वारले. मी रडले नाही. उरलेली भांडी पुरी केली, मग अंघोळ केली. याला आता महिना झाला.

भाऊजी तरुणपणी आगबोटीवर कोळसा ओढत. नोकरी सोडून गोहलपुरात आमच्याकडे राहायला आले ते आगीची धास्ती घेऊनच. चहूकडे पाणी असताना आगीला भ्यायचं काहून, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पळायला अंगण नसते ना, वहिनी!" आल्याबरोबर त्यांनी लोहाराकडून बादली करवून घेतली, लाल रंगवली आणि वाळू भरून स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगली. तिचं बूड गोल. खाली ठेवली की लवंडे.

"लोहारानं फसवलं तुम्हाले," मी हसले.

"बोटीवर अशीच राहते. उभी राहिली तर कोणीबी कपडे धुवायले नेईल."

मी बादली नेली नाही, वाळू नेली. भांड्यांना तशी बारीक वाळू मिळत नव्हती. भाऊजी तिलवाऱ्याच्या नदीघाटावरून आणून भरत, मी उपसत असे...

माझ्या मुलीच्या लग्नाच्या सकाळी पुऱ्यांच्या कढईनं पेट घेतला. तेल उतू गेलं आणि जाळ जमिनीवरून मांडवाच्या वाळल्या पानांकडे निघाला. आत नवरी बसलेली. आचाऱ्यानं पाण्याची घागर उचलली.

"पानी मत डालो, महाराज! भडकेगा!" भाऊजी ओरडले. पिळलेलं ओलं पोतं टाकून त्यांनी कढईचं तोंड बंद केलं. मग धावत्या जाळावर बादली उपडी केली. निम्मीच भरलेली निघाली!

"वहिनी, वाळू?"

मोरीपाशी माझा ढीग होता. नव्या लुगड्याच्या ओच्यात भरून आणली, ओतली, पुन्हा धावले. तिसऱ्या खेपेला जाळ मेला, मांडवापासून हातभर अंतरावर.

"लुगडं गेलं की हो!" विहीणबाई म्हणाल्या.

"मांडव राहिला," मी म्हटलं.

मुहूर्त टळला नाही. दुसऱ्या तेलात पुऱ्या झाल्या. पहिल्या पंगतीत मानाच्या पाटावर भाऊजी बसले, आणि जेवण होताच वऱ्हाडी रांगेनं बादली पाहायला गेले. बादली निम्मी का होती, हे भाऊजींनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

ती अजून त्याच खिळ्यावर आहे, काठोकाठ भरलेली. भांडी मी त्या लग्नापासून राखेनंच घासते.