रात्रीची दोन बाळं

हॉस्पिटलच्या भिंतीवर एक चित्र आहे. त्यात रात्र म्हणजे काळ्या शालीतली आई, आणि तिच्या दोन खांद्यांवर दोन बाळं निजलेली. खाली लिहिलंय, एक झोप, दुसरं मरण. कोणतं कुठलं, ते लिहिलेलं नाही. आईनं दोघांनाही सारखंच कवटाळलंय. असलं चित्र इथे कुणाला लावावंसं वाटलं!

आत आमची चिमी कालपासून डोळे उघडत नाही. डॉक्टर नजर चुकवतात. मघाशी मी तिचा मुका घ्यायला वाकलो, तर बायकोनं मला दंडाला धरून मागे ओढलं.

"झोपलेल्या लेकराचा मुका घेऊ नये," ती म्हणाली. "झोपलीय ती."

असले नियम मी कधी मानले नाहीत. आज मात्र जिवाच्या आकांतानं मानला.