भट्टीवरचं मीठ

१८९८ च्या सुमारास कल्याणच्या खाडीकाठी काचेची एक भट्टी होती. वाळूत लोखंडाचा अंश असल्यामुळे काच हिरवट निघायची. म्हणून जर्मनीहून आलेलं सेलेनियमचं मीठ चिमूटभर त्यात मिसळत. त्यानं काचेला किंचित गुलाबी झाक यायची, हिरवा रंग मरायचा आणि काच स्वच्छ दिसायची. नावाला मीठ, पण ती पांढरी, पाण्यात विरघळणारी पूड विषारी होती. वाळूत ती कालवायचं काम महिपतकडे होतं.

महिपतची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी देवळात टाळ घेऊन भजनाला बसायचं, एवढीच काय ती त्याला माणसांची सोबत. गळ्यात माळ होती. कांदा-लसूण त्यानं कधीच सोडलेली.

एकदा भजनात शेजारचा दगडू जरा लांब सरकला. मग दुसरेही सरकू लागले. शेवटी भजन सांगणाऱ्या उत्तमबुवांनी त्याला बाजूला घेतलं.

"महिपत, तुझ्या तोंडाला लसणीचा वास येतो. माळ घालून हे बरं दिसत नाही."

"बुवा, मी लसणीला शिवलोसुद्धा नाही."

"मग वास कुठला?"

महिपतला स्वतःला तर वास येतच नव्हता.

भट्टीचा मिस्त्री मॉरिस ठाण्याचा. महिपतनं त्याला विचारलं, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "ही पूड अंगात जाते, न् मग श्वासाला असा वास येतो. घरी बायको, सुझाना, माझ्याजवळ बसत नाय. तू काम बदलून घे."

महिपत कोळसा ओढू लागला. काही आठवड्यांनी वास गेल्याचं भट्टीवरच्या गड्यांनी सांगितलं, तसा तो अंघोळ करून देवळात गेला. बुवांना त्यानं पुडीचं सगळं सांगितलं. बुवांनी ऐकून घेतलं आणि ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू दे. आता सोडलीस ना लसूण? मग बस."

सगळे त्याच्याकडे बघत होते. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"खाल्लीच नाही, तर सोडू काय?" तो म्हणाला.

दगडूनं जागा करून दिली, पण महिपतचे टाळ दुसऱ्याच्या हातात होते, ते त्याच्यासाठी कुणी मागून घेतले नाहीत. एक अभंग होईपर्यंत महिपत रिकाम्या हातांनी बसला. मग उठून घरी आला, चूल पेटवली आणि एकट्यापुरती भाकरी थापायला बसला. त्यानंतर तो देवळाकडे फिरकला नाही.