बाभळीवरचा कापूस

ब्रह्मदेव सृष्टी घडवत असताना आमचे मावसाजी शेजारी उभे असते, तर त्यांनी त्याला निदान दहा ठिकाणी तरी अडवून "थांबा महाराज, इथं खुटी आतून ठोका," असं बजावलं असतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मला आईबाप नव्हते, या दोघांनीच वाढवलं. नांदगाव खंडेश्वराहून अमरावतीला जाणाऱ्या गाडीरस्त्याला लागून त्यांचा भाजीचा मळा होता. पण वांग्यांकडे मावशी बघायची आणि मावसाजी जगातल्या यच्चयावत वस्तू उलट्या करून बघायचे. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी पाट पालथा करून त्याचे सांधे तपासणार, मग त्यावर बसणार. फेट्यात दाभण कायम खोचलेलं. बाजारातून आणलेल्या वस्तूकडे ते असे बघत, जणू कुणी ताटात उष्टं वाढलंय. "दुसऱ्याच्या डोक्यानं केलेली वस्तू आपल्या हाताले कशी पटंन?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून चपला गोणपाटाच्या, स्वतः शिवलेल्या, आणि दाराचं कुलूपही लाकडाचं, घरीच केलेलं. ते कुलूप इतकं पक्कं निघालं की पहिल्याच दिवशी मावसाजी आत अडकले आणि मावशीनं छपराचं गवत उपसून त्यांना वर ओढून काढलं. अंगावरचं गवत झटकत म्हणाले, "पाह्य, आता चोराची काय बिशाद!"

माझं स्थळ पाहायला हेच गेले होते. परत आल्यावर मावशीनं विचारलं, मुलगा काळा की गोरा? मावसाजींना सांगता येईना. उंच की ठेंगणा? तेही आठवेना. शेवटी म्हणाले, "गोठ्याचं दार त्यानं सोता बसवलं हाय. एका बोटानं लोटलं त आवाज नाही करत. पोरगी देऊन टाक." आणि खरोखर एवढ्यावर माझं लग्न ठरलं. मी तेव्हा खूप रडले होते. आता म्हणेन की त्यांनी बरोबर तेच पाहिलं जे पाहायला हवं होतं.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि कापसाला सोन्याचा भाव आला. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. लोक गाडीच्या चाकांना चांदीच्या पट्ट्या मारू लागले. व्यापाऱ्यांची माणसं दारोदार फिरून जुना कापूसही मागू लागली, तेव्हा आमच्या मावशीचंही डोकं फिरलं. तिनं गाद्या, उशा, दुलया, सगळं उसवून कापूस विकला आणि पायात चांदीचे तोडे घातले. घरात चांदी आली आणि अंथरायला चटई राहिली.

मी बाळंतपणाला माहेरी आले ती याच वेळी. माझी ही दुसरी खेप. पहिलं लेकरू सासरी, आदल्या वर्षीच्या पौषात झालं. चिंध्यांच्या वाकळीत गुंडाळलं होतं. वाकळ जड, पण ऊब धरीना. आठव्या दिवशी ते गारठून गेलं. आता पुन्हा पौषच येत होता. मला पाहून मावशीनं कपाळावर हात मारला. "हे तोडे पांघरू काय पोरीवर? मोडते मी, अन् कापूस आणते!" मावसाजी म्हणाले, "पंधरा दिवस दे मले. नाही जमलं त मोड." मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू! माझ्या लेकराच्या जिवावर यांचा हट्ट, असं मी तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि बांबू शोधायला निघून गेले.

कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या दिवसभर मळ्यावरून जात. रस्त्याच्या कडेला बाभळी होत्या. फांद्या गाडीला घासल्या की काट्यांत कापसाचे पुंजके अडकून राहत. सारा मुलूख कापसापायी वेडा झाला होता, पण हा कापूस कुणाला दिसला नव्हता. मावसाजींनी बांबूचं टोक पाच ठिकाणी चिरलं, मधे खडा बसवून ते पंज्यासारखं फाकवलं आणि मान वर करून रस्त्यानं हिंडू लागले. आठ दिवसांत जेमतेम एका उशीपुरता कापूस जमला. गावातले लोक हसत होते. मी मात्र दिवस मोजत होते.

नवव्या दिवशी एका गाडीवानानं त्यांना पकडलं. मी कुंपणाशीच होते. "काय बे बुढ्या, कापूस चोरून राहिला?"

"चोरतो काहून? बाभळीचा हाय."

"अन् करतो काय याचं?"

"घरी पोरीचे दिवस भरत आले. मागच्या साली थंडीनं लेकरू गेलं तिचं."

गाडीवानानं बैलांचा कासरा उचलला. तो निघाला तर मावसाजींनीच त्याला थांबवलं. चाकाची खीळ ढिली झाली होती, ती ठोकून दिल्याशिवाय त्यांनी गाडी हलू दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून एक नवल घडू लागलं. रस्ता मोकळा असताना गाड्या मधून जाईनात. बाभळींना अंग घासत, फांद्या मोडत चालल्या. गाडीवान मोठ्यानं ओरडायचे, "काय करावं वो, बैल ऐकूनच नाही राहिले!" आणि मागं वळून न बघता पुढं जायचे. पंधरा दिवस भरले तेव्हा कोपऱ्यात कापसाचा ढीग लागला होता. मग मावसाजींनी सरकी काढायला चरकी केली, पिंजायला धनुकली केली. मावशीनं दिवसचे दिवस बसून काटे वेचले आणि आपलं लग्नातलं लुगडं फाडून दिलं. दुलई मात्र मावसाजींनी स्वतः शिवली. बाप्या माणूस टाके घालतो म्हणून आळीतल्या बाया दाराशी येऊन बघायच्या; ते त्यांनाच सुईत दोरा ओवायला लावायचे.

मुलगी झाली. त्या पौषात विहिरीवरच्या दोरावर सकाळी दव गोठायचं. आठवा दिवस उजाडला तेव्हा दुलईत हात घालायचं माझं धाडस होईना. मावशीनं घातला आणि रडत म्हणाली, "भाकरीवाणी गरम हाय वो पोरगी!" मी मावसाजींच्या पायांवर डोकं ठेवायला गेले, तर ते दुलईची शिवण चाचपत म्हणाले, "इथं एक टाका तिरपा गेला."

मावसाजींना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ती मुलगी अकोल्याला दिलेली आहे, तिचा संसार भरलेला आहे. आमच्याही वावरात आता कापसाची पऱ्हाटी असते. गाडी भरून बाजाराला निघाली की कधीकधी मीही बसते, आणि बाभळी लागल्या की गाडीवानाला म्हणते, "बाबू, जरा कडेनं घे."

तो चिडतो. "काहून वो माय? कापूस जाते ना आपला!"

"जाऊ दे," मी म्हणते. "कोणाले लागत असंन."